काचेतली केरसुणी : डिझाइनचं शिक्षण आणि वस्तुसंग्रहालय

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं डिझाइनमध्ये काय काम? प्रश्न बरोबर आहे. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली आणि नोकरीची पहिली वर्षं तर्कशास्त्र शिकवण्यात गेली. पुढे एका डिझाइन संस्थेनं सौंदर्यशास्त्राचे तास घ्यायला बोलावलं. एका सत्रासाठी गेलो आणि वीसेक वर्षं राहिलो. तिथं मला एक अभ्यासक्रम दुसऱ्या एका सहकाऱ्याबरोबर शिकवायला मिळाला : वस्तुसंग्रहालयासाठी मांडणी कशी करायची. ते मुलांना प्रकाश, उंची, साहित्य शिकवायचे. मी शिकवायचो ते एवढंच, की मांडणी हे एक विधान असतं आणि विधान करणाऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. त्याचा अर्थ मला कळला तो एका केरसुणीमुळे. आज त्या केरसुणीची गोष्ट सांगायची आहे, पण ती मध्येच तोडून थोडा इतिहास सांगावा लागेल. त्याशिवाय ती गोष्ट नुसती एक आठवण होऊन राहील.

अभ्यास असा असायचा. प्रत्येक गटानं घरातली एक वस्तू आणायची. जातं, अडकित्ता, पानाचा डबा, पाटा-वरवंटा, काहीही. एक टेबल, दोन दिवे, आणि साठ शब्दांचं लेबल. एवढ्यात ती वस्तू अनोळखी माणसापुढे उभी करायची. एका वर्षी एका मुलानं केरसुणी आणली. शिंदीच्या पानांची, नवी कोरी, दोरीनं घट्ट आवळलेली. गडद लाल कापडावर ती आडवी ठेवली होती. वरून एकच दिवा. मुठीपाशी हळदकुंकवाचं बोट. लेबल होतं : 'लक्ष्मी'. खाली दोन ओळी, की दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतात, तिची पूजा करतात, तिला पाय लागला तर नमस्कार करतात.

मांडणी खरोखर सुंदर होती. रोज कोपऱ्यात पडलेली वस्तू एकदम देवघरातली वाटायला लागली. मी त्या मुलाला वर्गातले सर्वांत जास्त गुण दिले, आणि बाकीच्यांना सांगितलं की बघा, नेहमीची वस्तू अशी नव्यानं दाखवायची असते. मागे एक विद्यार्थिनी उभी होती, ती काही बोलली नाही. तिच्याकडे आपण नंतर येऊ.

आता इतिहास. डिझाइनची शाळा आणि वस्तुसंग्रहालय या दोन गोष्टी आपण वेगळ्या समजतो. प्रत्यक्षात त्या जुळ्या बहिणी आहेत. लंडनमध्ये सरकारी डिझाइन शाळा सुरू झाली १८३७ साली. कारण सरळ व्यापारी होतं. इंग्लंडचे कारखाने माल भरपूर काढत होते, पण त्यावरची नक्षी फ्रान्सच्या मालापुढे फिकी पडत होती. मग १८५१ साली हाइड पार्कात ते प्रचंड काचेचं प्रदर्शन भरलं. साठ लाखांच्या घरात माणसं ते बघायला आली. तिथं भारताचं दालन होतं. शाली, किनखाब, धातूकाम, लाकडावरचं कोरीवकाम. हाताने केलेल्या या वस्तूंपुढे आपला यंत्राचा माल उघडा पडतो, हे तिथल्या जाणकारांनी कबूल केलं. प्रदर्शन संपल्यावर सरकारनं पाच हजार पौंड मंजूर केले आणि त्यातून निवडक वस्तू विकत घेतल्या. कशासाठी? डिझाइन शाळेच्या विद्यार्थ्यांना शिकायला. त्या संग्रहातून १८५२ साली जे संग्रहालय उभं राहिलं, तेच पुढे साउथ केन्सिंग्टनला गेलं आणि आज त्याला व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम म्हणतात.

त्याचे कर्तेधर्ते हेन्री कोल. त्यांनी सुरुवातीला एक गमतीदार खोली केली होती. चुकीच्या डिझाइनची उदाहरणं एकत्र मांडली, लोकांना वाईट अभिरुची कळावी म्हणून. लोकांनी त्या खोलीला भयदालन असं नाव पाडलं. ज्या कारखानदारांचा माल तिथं लागला ते अर्थातच चिडले, आणि ती खोली लवकरच बंद झाली. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांचा माल वाईट म्हणून लागला, ते येऊन भांडू शकत होते. ज्यांचा माल चांगला म्हणून लागला, तो काश्मीरचा विणकर किंवा गुजरातचा छापणारा, त्याला आपली वस्तू तिथं आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. विद्यार्थ्यांना गिरवायला नक्षी हवी होती, माणसाची गरज नव्हती.

लेबलावर काय लिहायचं हे तेव्हा ठरलं. वस्तूचं नाव, साहित्य, ठिकाण, काळ. आज आपल्या कुठल्याही संग्रहालयात जा, लेबल त्याच चार ओळींचं असतं. ती सवय वस्तू नमुना म्हणून गोळा केल्या तेव्हाची आहे.

आता आपण आपल्या मुंबईत येऊ. कारण हीच जोडगोळी जशीच्या तशी इथं आली. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले आणि १८५७ साली मुंबईत कला शाळा सुरू झाली, आपलं जे. जे. त्याच वर्षी, त्याच शहरात सरकारी वस्तुसंग्रहालयही सुरू झालं. त्याची इमारत पुढे भायखळ्याला राणीच्या बागेत झाली आणि २ मे १८७२ रोजी ती लोकांना उघडली. त्यासाठी झटणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट होते. म्हणूनच १९७५ साली त्या संग्रहालयाला भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं गेलं. तिकडे नागपूरला १८६३ साली संग्रहालय झालं, त्याला लोक आजही अजब बंगला म्हणतात. शब्द बघा. सरकारच्या लेखी ते नमुन्यांचं कोठार, आणि लोकांच्या लेखी अजब गोष्टी बघायची जागा. दोघांच्याही नजरेत वस्तू आपली नव्हतीच.

जे. जे. मधल्या मुलांच्या शिक्षणात संग्रहालयाचं काम पहिल्यापासून होतं. प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढची बरीच वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला मुक्काम केला आणि भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकीच. त्या नकला लंडनला संग्रहालयासाठी गेल्या आणि त्यातल्या कितीतरी १८८५ च्या आगीत जळाल्या. म्हणजे आपल्या मुलांनी आपल्या गुहेत बसून केलेलं काम आपल्याला बघायला मिळण्याआधीच राख झालं.

जे. जे. मध्येच शिकवणारे लॉकवुड किपलिंग १८७५ साली लाहोरला गेले. तिथं ते कला शाळेचे प्राचार्य आणि संग्रहालयाचे क्युरेटर, दोन्ही एकदमच झाले. त्यांच्या मुलाच्या 'किम' कादंबरीची सुरुवात होते ती त्याच संग्रहालयाबाहेर. शाळा आणि संग्रहालय एकाच माणसाच्या हाती, हा तेव्हाचा शिरस्ता होता. मुंबईतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. चे प्राचार्य सेसिल बर्न्स भायखळ्याच्या संग्रहालयाचे क्युरेटर झाले.

बर्न्स यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या काळात भायखळ्याला एक नवीन गोष्ट आली : मातीचे नमुने. तुम्ही पाहिले असतील, नसतील तर जरूर पाहा. लहान लहान माणसं. कुंभार चाकावर, विणकर मागावर, गावातले धंदे, खेळ, वेगवेगळ्या जातीजमातींची माणसं त्यांच्या त्यांच्या पोशाखात, वेगवेगळ्या पगड्या. काम इतकं बारीक आहे की धोतराची चुणी दिसते. मी दर वर्षी मुलांना तिथं न्यायचो. मुलं खूश व्हायची, कारण वस्तूबरोबर शेवटी माणूस आलेला दिसतो.

मग मी त्यांना विचारायचो, हा माणूस कोण? मुलं सांगायची, कुंभार. मी म्हणायचो, कुठला? उत्तर नाही. कारण तो कुणीच नाही. तो कुंभार या प्रकाराचा नमुना आहे. शाल जशी शालीचा नमुना, तसा हा माणसाचा. लंडनच्या मांडणीत माणूस गायब होता. भायखळ्याच्या मांडणीत माणूस आला, पण जात आणि धंदा एवढंच घेऊन आला. नाव बाहेर ठेवून आला.

हे सांगताना त्या संग्रहालयावर अन्याय व्हायला नको. २००८ साली दुरुस्त होऊन ते पुन्हा उघडलं, त्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि नंतर तिथल्या मंडळींनी आजच्या कलावंतांना बोलावून याच संग्रहाकडे पुन्हा बघायला लावलं. जुन्या मांडणीला प्रश्न विचारायचं काम त्या घरातच सुरू आहे. मी बोलतोय ते जुन्या सवयीबद्दल.

स्वातंत्र्यानंतर ही सवय बदलायची मोठी संधी आली, आणि ती अहमदाबादला आली. तिथं १९४९ साली साराभाई कुटुंबानं कॅलिको वस्त्रसंग्रहालय काढलं. त्याच कुटुंबाचा हात पुढे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या उभारणीत होता. १९६१ साली ही संस्था सुरू झाली तेव्हा तिला स्वतःची इमारत नव्हती. ती भरली ल कॉर्ब्युझिएनं बांधलेल्या संस्कार केंद्रात, म्हणजे शहराच्या संग्रहालयात. आपल्या देशातल्या डिझाइन शिक्षणाचा पहिला वर्ग एका संग्रहालयाच्या छपराखाली भरला. जुळ्या बहिणी पुन्हा एका घरात.

या संस्थेचा पाया ज्या अहवालात आहे तो चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं १९५८ साली भारत सरकारसाठी लिहिला. त्यात त्यांनी एका वस्तूचं मनापासून कौतुक केलं आहे. लोटा. आपला तांब्या म्हणा. ते म्हणतात की ही वस्तू कुणा एकानं डिझाइन केलेली नाही, पिढ्यान् पिढ्यांनी घडवली आहे. आणि मग ते प्रश्न विचारत जातात, की ही वस्तू नव्यानं करायची तर कशाकशाचा विचार करावा लागेल? पाणी किती मावावं, हातात कशी बसावी, डोक्यावर आणि कमरेवर तोल कसा राहावा, भरलेली आणि रिकामी, ओतताना धार कशी पडावी, घासायला सोपी कशी, आपटली तर आवाज कसा. ती यादी वाचताना आजही आनंद होतो. संग्रहालयाच्या चार ओळींच्या लेबलातून वस्तू बाहेर आली आणि पुन्हा हातात आली, असं वाटतं. मी पंधरा वर्षं मुलांना ती यादी वाचून दाखवली.

यादी अगदी सूक्ष्म आहे. ही वस्तू दुसऱ्याला देताना कसं वाटतं, इथपर्यंत जाते. पण कोण कुणाला देतो, इथं थांबते. या तांब्यातलं पाणी कुणाच्या ओंजळीत वरून ओतायचं आणि कुणाच्या हातात तांब्याच द्यायचा, हा प्रश्न त्यात नाही. अमेरिकेहून आलेल्या माणसांना तो सुचला नाही, हे समजू शकतं. पण आम्ही ती यादी महाराष्ट्रात शिकवत होतो. जिथं २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, त्या प्रदेशात. पाण्याच्या भांड्याच्या डिझाइनमध्ये हा प्रश्न येत नाही, हे मला पंधरा वर्षांत एकदाही खटकलं नाही. तत्त्वज्ञानाची पदवी असून खटकलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

आणखी एक धागा सांगतो, तो पुण्याचा. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी. त्यांचा मुलगा राजा लहानपणी गेला. केळकरांनी गावोगाव हिंडून घरगुती वस्तू जमवल्या, दिवे, अडकित्ते, वज्री, वाद्यं, स्वयंपाकाची भांडी, आणि त्या संग्रहाला मुलाचं नाव दिलं. पुढे तो महाराष्ट्र सरकारला दिला. वीस हजारांवर वस्तू, त्यातल्या थोड्याच मांडता येतात इतकी जागा अपुरी. हा संग्रह कारखान्याच्या नक्षीसाठी झालेला नाही, राज्यकर्त्यांच्या कुतूहलासाठीही नाही. घरातली वस्तू नाहीशी होते आहे, तिला जपू या, या मायेनं झाला. अहमदाबादला सुरेंद्र पटेल यांनी १९८१ साली विशाला इथं भांड्यांचं संग्रहालय केलं, त्यामागेही हीच तळमळ होती. पितळेची, तांब्याची भांडी भंगारात वितळवली जात होती आणि घराघरांत स्टील येत होतं. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी शेतीची जुनी अवजारं अशीच जमवली.

मायेनं जमवलेल्या संग्रहात वस्तूला घर मिळतं. पायाला घासायच्या वज्रीवर मोर असतो, घोडा असतो, आणि ती बघताना तुम्हाला एक न्हाणीघर दिसायला लागतं. पण ती वज्री ओतणाऱ्यानं त्यावर सही केलेली नसते, आणि कुणी ती लिहूनही ठेवलेली नसते. वापरणारं घर आपल्याला आठवतं, कारण ते आपलं घर असतं. करणाऱ्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

आता परत केरसुणीकडे.

गुण लावून झाले, त्यानंतर दोन दिवसांनी ती विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली. मराठवाड्यातली. चित्र उत्तम काढायची, वर्गात कमी बोलायची. म्हणाली, "सर, एक विचारायचं होतं. त्या केरसुणीच्या लेबलवर बांधणाऱ्याचं काहीच का नाही?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. म्हटलं, "अगं, साठ शब्दांत सगळं कसं बसणार? त्यानं पूजेचा अर्थ निवडला. निवड करावीच लागते."

ती म्हणाली, "हो सर. पण माझी आजी केरसुण्या बांधते. अजून बांधते. विकायला जायची तेव्हा केरसुणी आत घ्यायचे आणि पैसे उंबऱ्यावर ठेवायचे. हातात द्यायचे नाहीत. मग त्याच केरसुणीला कुंकू लावायचे. तुम्ही म्हणता ना, मांडणी हे विधान असतं. मग हे विधान कुणाच्या बाजूनं आहे?"

मी गप्प बसलो. माझंच वाक्य, फळ्यावर लिहिलेलं, आणि ते माझ्याकडे परत आलं होतं.

तत्त्वज्ञानाच्या माणसांना हायडेगर या जर्मन विचारवंताचा हातोडा माहीत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की अवजार वापरात असतं तेव्हा आपल्याला ते दिसतच नाही. आपलं लक्ष खिळ्यावर असतं. हातोडा मोडला की मग तो वस्तू म्हणून डोळ्यापुढे येतो. मी मुलांना सांगायचो की संग्रहालय तेच करतं, वस्तू वापरातून काढतं, म्हणून ती दिसायला लागते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की केरसुणी दिसत नाही ती कुणाला? झाडणाऱ्याला. बांधणाऱ्या बाईला ती रोज दिसत होती. पान, पीळ, गाठ, सगळं. तिला ती दिसावी म्हणून काचेत ठेवायची गरज नव्हती. म्हणजे आमची सगळी मांडणी एकाच बाजूच्या माणसासाठी होती, आणि आम्ही त्याला प्रेक्षक असं सर्वांचं नाव दिलं होतं.

सत्राच्या शेवटी या कामांचं तीन दिवसांचं प्रदर्शन असायचं, बाहेरच्या लोकांसाठी खुलं. मी त्या मुलाला आणि तिला एकत्र बोलावलं आणि मांडणी दोघांनी मिळून पुन्हा करा म्हणून सांगितलं. मुलगा भला होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, लेबलवर लिहू या की ही वस्तू मातंग समाजातले कारागीर पिढ्यान् पिढ्या करत आले. मलाही ते योग्य वाटलं.

ती म्हणाली, "नको. आपण भायखळ्याला पाहिलेल्या बाहुल्या आठवा. समाज लिहिला की आजीची बाहुली होते. तिला नाव आहे."

मुलगा म्हणाला, "पण समाज लिहिला नाही तर पैसे उंबऱ्यावर का ठेवायचे, हे लोकांना कळणार कसं? ते लपवल्यासारखं होईल."

मला विचाराल तर दोघांचं बरोबर होतं. नाव न देता जात लिहिली तर माणूस नमुना होतो. नाव दिलं आणि जात पूर्ण पुसली तर इतिहास खोटा होतो, सगळं गोड होतं. आज देशात जिथं जिथं कारागिरांच्या वस्तूंची मांडणी होते, तिथं हा पेच असतो, आणि पुष्कळदा तो सोडवला जातो तो 'अज्ञात कारागीर' हे दोन शब्द लिहून. अज्ञात कुणाला? त्याच्या घरी तर तो ज्ञात असतो.

शेवटी तिनं आजीला फोन केला. आम्हाला हे आधी सुचायला हवं होतं. आजी म्हणाली, नाव लिहा. आणि एका केरसुणीचे किती मिळतात तेपण लिहा.

मग जे लेबल झालं ते असं : केरसुणी. शिंदीची पानं, दोरी. पुढे आजीचं नाव आणि गाव, ते मी इथं सांगत नाही, ते सांगायचा हक्क तिचा. मग किंमत. मग दोन वाक्यं : दिवाळीला हिची पूजा होते. बांधणारी ही विकायला जाई तेव्हा पैसे तिच्या हातात दिले जात नसत, उंबऱ्यावर ठेवले जात. बस्स. साठ शब्दांना बरेच कमी. जातीचं नाव त्यात नव्हतं, आणि ज्याला या मुलखाची थोडी माहिती आहे त्याला सगळं कळत होतं. ज्याला माहिती नाही, तो विचारत होता : का?

जागाही बदलली. लाल कापड गेलं. केरसुणी दालनाच्या दारातच, जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवली. लेबल गुडघ्याच्या उंचीवर. वाचायचं तर वाकावं लागे. एरवी आम्ही शिकवायचो की लेबल उभ्या माणसाला वाचता आलं पाहिजे, वयस्कर माणसाचा विचार करा. इथं मुद्दाम नियम मोडला, आणि वाकता न येणाऱ्यांसाठी तेच लेबल मोठ्या अक्षरात बाजूच्या भिंतीवर लावलं. ही सूचनाही तिचीच.

प्रदर्शनाच्या पहिल्याच संध्याकाळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, काही पाहुण्यांना ते शेवटचं वाक्य खटकलंय. सणाच्या वस्तूत हे कशाला? वाक्य काढलं तर मांडणीचं काही बिघडत नाही. मी लगेच नाही म्हणालो असं सांगायला मला आवडेल. तसं झालं नाही. मी त्या मुलीकडे गेलो आणि विचारलं, "हे वाक्य ठेवायची तुझी तयारी आहे ना? लोक बोलतील."

ती म्हणाली, "माझी तयारी आहे सर. तुमची आहे का, ते बघा."

वाक्य तीन दिवस राहिलं. काही लोक वाचून पुढे गेले, काही थांबले. एक बाई बराच वेळ वाकून वाचत होत्या. उठल्या आणि कुणाशी न बोलता निघून गेल्या. त्यांना काय वाटलं ते मला माहीत नाही, आणि अंदाज करायचा नाही असं मी ठरवलं आहे. पहिल्या मांडणीला दिलेले गुण मात्र तसेच राहिले. गुणपत्रक आधीच गेलं होतं.

त्यानंतर मी शिकवण्यात काय बदललं, तेवढं सांगून थांबतो, कारण ऐकणाऱ्यांत शिक्षक आणि विद्यार्थी पुष्कळ असतात. तंत्र तसंच ठेवलं. ते हवंच. कापड आणि कागद यांवर साधारण ५० लक्सच्या वर प्रकाश टाकायचा नाही, नाहीतर रंग उडतो. हेही शेवटी वस्तूबद्दलची जबाबदारीच आहे. पण लेबल लिहायच्या आधी प्रत्येक गटानं एक कागद भरायचा, असा नियम केला. ही वस्तू कुणी केली, कुणी वापरली, कुणी धुतली, कुणाला तिला हात लावायची परवानगी नव्हती. माहीत नसेल तर कुणाला विचारलं ते लिहायचं. आणि मांडणी पूर्ण झाल्यावर, उद्घाटनाच्या आधी, वस्तू करणाऱ्यांपैकी किंवा वापरणाऱ्यांपैकी एकाला तरी दाखवायची. ते जे बोलतील ते जसंच्या तसं मान्य करायचं असं नाही. ते चुकू शकतात, त्यांच्यातही मतभेद असतात. पण त्यांना उत्तर द्यायचं. हेन्री कोलच्या भयदालनातले कारखानदार येऊन भांडले होते. तो भांडायचा हक्क कुंभाराला, विणकराला आणि केरसुणी बांधणाऱ्या आजीला मिळावा, एवढीच मागणी आहे.

ईम्स यांची तांब्याची यादी मी सोडली नाही. अजूनही ती वाचून दाखवावी असंच मला वाटतं. फक्त शेवटी एक प्रश्न मुलांकडून लिहून घ्यायचो, आणि तो प्रत्येक वर्षी वेगळा यायचा. एका वर्षी एका मुलानं लिहिलं : हा तांब्या भरून आणणारी बाई स्वतः पाणी कधी प्यायची?

ती विद्यार्थिनी आता दुसऱ्या शहरात संग्रहालयांसाठीच काम करते. मागे फोन आला होता. म्हणाली, "सर, इथं नव्या दालनाची लेबलं लिहितेय. साठ शब्दांत काही बसत नाही हो."

मी म्हटलं, "मग आजीला विचार."

आता प्रश्न घेऊ या.